सोमवारची फोड

आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. लॅबमध्ये मला ‘तोफ’ म्हणतात आणि ते काही लाडानं म्हणत नाहीत. शेजारच्या लॅबमधल्या एका धिप्पाड गड्यानं एकदा माझ्या चालू रिॲक्शनखालच्या तेलाचं तापमान परस्पर वाढवलं, कारण त्याला स्वतःचं काम लवकर उरकायचं होतं. माझा आठवड्याभराचा माल करपून डांबर झाला. मी लोखंडी स्टँड उचलला आणि त्या बाबाला जिन्यापर्यंत पळवला. पहिल्या दोन पायऱ्या तो पायांनी उतरला, बाकीच्या पाठीनं. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

पण अशी मी, एका माणसापुढे सहा वर्षं मान खाली घालून बसले. आमचे सर. रसायनशास्त्रात पीएचडी करायची तर थिसिसच्या पहिल्या पानावर गाईडची सही लागते. ती झाली की पुढचं सगळं रीतसर होतं. ती नाही झाली, तर सहा वर्षं तुम्ही नुसती भांडी घासली. माझं बाकी सगळं झालं होतं. रेणू तयार होता, त्याची मोजमापं झाली होती, थिसिस बांधून तयार होता. घोडं अडलं होतं सहीपाशी, आणि सर म्हणायचे, “बघू.”

आईचा रोज संध्याकाळी फोन. ती कपडे शिवते, तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य दात-ओठ खाऊन आल्यासारखं येतं.

“सही झाली का गं?”

“नाही.”

“हात मोडलाय का मेल्याचा?”

मागून बाबांचा आवाज, “अगं, तिला शांत राहायला सांग.” बाबा गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतात. त्यांनी शांत राहायला सांगायचं आणि आईनं लाकडी पट्टी टेबलावर आपटायची, अशा घरात मी वाढले. मी आईवर गेले, ब्रेक कोणाकडे गेले देव जाणे.

तर फोड. आमच्या लॅबची दर सोमवारी सकाळी मीटिंग असायची, तिला आम्ही ‘फोड’ म्हणायचो. सरांचा आकड्यांवर विश्वास नव्हता. “कागदावर कोणीही काहीही लिहितं. माल आणा, डोळ्यांना दाखवा.” म्हणून प्रत्येकानं आपला फ्लास्क घेऊन यायचं, लांब टेबलावर कॉर्कच्या कड्यात ठेवायचा आणि उभं राहून सांगायचं, काय केलं, कसं केलं, किती निघालं. सर ऐकायचे. पटलं तर मान हलवायचे. नाही पटलं तर हात पुढे करून फ्लास्क उचलायचे आणि समोरच्या भिंतीवर फेकायचे.

हो, फेकायचे. महिन्याची मेहनत, दोन महिन्यांची, एकदा तर वर्षाची. फाट! आणि मग म्हणायचे, “पुन्हा कर.”

त्या भिंतीवर डाग होते. पिवळे, तपकिरी, एक हिरवट, एक गुलाबी. प्रत्येक डागाला मालक होता. गुलाबी माझा, पहिल्या वर्षातला. त्याची काच उडून माझ्या भुवईत घुसली होती. टाके पडले. सर स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेले, बाहेर बाकड्यावर बसून राहिले आणि परत येताना म्हणाले, “आता यील्डच्या हिशोबाची चूक आयुष्यात करणार नाहीस.” खरंच केली नाही. यातच सगळं आलं. माणूस हुशार होता, काम शिकवायचा, आणि हैवान होता.

पहिल्याच सोमवारी मला कासवानं शिकवलं होतं. कासव म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना. आठवं वर्ष, रेणू अजून अर्धा. तो शेजारी बसून हळूच म्हणाला, “फ्लास्क उचलला की डावा कोपर डोळ्यांवर. मान खाली. उजवा हात टेबलाखाली घ्यायचा, तो वाचवायचा, लिहायला लागतो.” मला वाटलं, चेष्टा करतोय. भुवई फुटली तेव्हा कळलं. एकानं मीटिंगला प्रयोगाचा गॉगल घालून यायचं धाडस केलं, तर सर म्हणाले, “हा माझा अपमान आहे.” त्यानंतर कोपर तेवढा उरला.

सरांच्या केबिनमध्ये त्यांच्या गाईडचा फोटो होता. मोठे सर. टक्कल, जाड चष्मा, हसरा चेहरा. कोणी रडत आलं की सर त्या फोटोकडे बोट करायचे. “यांनी माझ्या डोक्यात काचेचा कंडेन्सर फोडला होता. अख्खा. म्हणून आज मी या खुर्चीत आहे.” अभिमानानं सांगायचे. आम्ही ऐकायचो आणि भांडी घासायला जायचो.

चिमणी दुसऱ्या वर्षाला होती. एवढीशी पोर, फ्युम हूडची, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच वर करायला टाचा उंच कराव्या लागायच्या, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. मला ताई म्हणायची. रोज मला शिव्या घालायला लावायची, कारण रोज काहीतरी उपद्व्याप करायची. एकदा तिनं माझ्या धुतलेल्या भांड्यांत आपली भांडी वाळत टाकली म्हणून मी तिचा कान पिळला, तर दुसऱ्या दिवशी माझी सगळी भांडी घासून ठेवली होती बयेनं. जीव होता माझा तिच्यावर. तिला सांगितलं नाही कधी.

सर तिच्या मागे लागले होते. ॲझाइड तयार करायचं होतं तिला. ॲझाइड म्हणजे तीन नायट्रोजन एका ओळीत अडकवलेली शेपटी. चिडकी जात. नीट वागवली तर गुणाची, नाही तर कानठळ्या. तिनं बिचारीनं आधी वाचायला वेळ मागितला, तर सर म्हणाले, “वाचत काय बसतेस? हात चालव. सोमवारी फ्लास्क हवा.”

त्या सोमवारी तिनं फ्लास्क आणला. तळाशी जरासं तेल, फिकट पिवळं. बाई खुशीत होती. उभी राहिली आणि धडाधडा सगळं सांगून मोकळी झाली.

“यील्ड किती?” सरांनी विचारलं.

“एकशे आठ टक्के, सर.”

खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला. यील्ड म्हणजे जेवढा माल निघायला हवा त्यातला किती निघाला. तो शंभराच्या वर जाऊच शकत नाही. वर गेला, तर तुमच्या मालात दुसरं काहीतरी मिसळलंय. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं, आणि चिमणीला आनंदाच्या भरात ते दिसलंच नव्हतं.

“वा!” सर म्हणाले. “म्हणजे तू शून्यातून वस्तू निर्माण केलीस. आम्ही सगळे गाढव. जग कसं चालतं ते आम्हाला आजवर कळलंच नाही.”

चिमणीचा चेहरा पडला. मी मात्र मनात म्हणत होते, वरचे आठ टक्के कसले असतील? सॉल्व्हंट राहिला असेल. कुठला सॉल्व्हंट?

“चिमणे,” मी मध्येच विचारलं, “धुतलंस कशात?”

“डीसीएममध्ये, ताई. पद्धतीत दिलेला सॉल्व्हंट संपला होता. शनिवारपासून त्यातच ठेवलं होतं, आज सकाळी आटवलं.”

डीसीएम आमच्याकडे पाण्यासारखं वापरतात. हात त्याच बाटलीकडे जातो, डोकं चालवावं लागत नाही. फक्त ॲझाइडच्या वाटेला त्याला जाऊ द्यायचं नसतं. उरल्यासुरल्या ॲझाइडशी त्याची गाठ पडली की एक भलतंच तेल तयार होतं, आणि ते तेल धक्का सहन करत नाही. आपटलं की संपलं. पुस्तकात ही एक ओळ आहे. त्या ओळीपर्यंत पोचायला चिमणीला कोणी वेळच दिला नव्हता. सकाळी आटवताना ती त्या तेलासकट जिवंत राहिली, हेच तिचं नशीब.

आणि सरांनी हात पुढे करून फ्लास्क उचलला.

सगळ्यांचे कोपर वर गेले. चिमणीचाही. ती सरांच्या अगदी शेजारी उभी होती.

“सर, ठेवा ते,” मी म्हणाले.

“काय?”

“खाली ठेवा. हळू ठेवा. त्यात स्फोटक आहे.”

सर हसले. मागे एकदा कासवानं आपला माल वाचवायला थाप मारली होती की सर, फेकू नका, विषारी आहे. ते थोतांड दुसऱ्या दिवशी उघड झालं होतं. “त्या दिवशी विषारी होतं,” सर म्हणाले, “आज स्फोटक आहे. उद्या म्हणाल चावतं. मैत्रिणीची बाजू घ्यायची तर निदान अक्कल लावून घे.” आणि त्यांनी हात खांद्यामागे नेला.

मी टेबलावरून गेले. कशी गेले माहीत नाही, दोन फ्लास्क माझ्या गुडघ्याखाली फुटले आणि काचा रुतल्या त्या नंतर कळल्या. मी त्यांची मूठ दोन्ही हातांनी पकडली, फ्लास्कच्या मानेसकट, आणि आवळून धरली. आता त्यांनी सोडलाही असता तरी तो पडला नसता. पण ते कुठले सोडतायत! पोरगी अंगावर आली, याच धक्क्यानं ते पिसाळले.

“सोड! सोड म्हणतो ना!” त्यांनी डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. अंगठी होती हातात. ओठ फाटला, गरम रक्त हनुवटीवर आलं. दुसरी बसली ती कानावर. डोक्यात घणघणायला लागलं.

“चिमणे! बोटं उघड त्यांची! एकेक बोट!”

चिमणी टेबलाखाली बसली होती. कासव खुर्चीत, कोपर डोळ्यांवर, दगड झालेला. एवढी माणसं खोलीत आणि एकाचा हात खाली येईना.

“ऊठ, भवाने! नाहीतर आत्ता सगळे मरतोय!”

सरांनी माझे केस धरले आणि मान मागे खेचली. आमच्या तीन हातांमध्ये ते पिवळं तेल डुचमळत होतं, मी बघत होते. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू, मला नुसता राग आला होता. हा माणूस स्वतः मरेल, मला मारेल, पण आपला फ्लास्क फेकायचा हक्क सोडणार नाही! मी केसांसकट मान पुढे आणली आणि डोकं घातलं त्यांच्या नाकात. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. त्यांची पकड सैल झाली. तोवर चिमणी उठली होती, रडत होती, नाक ओढत होती, पण तिनं अंडं काढून घ्यावं तसा तो फ्लास्क आमच्या मुठींतून काढून घेतला, दोन पावलं मागे सरकली आणि कॉर्कच्या कड्यात ठेवला. टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

“बाहेर व्हा सगळे,” मी म्हणाले. खुर्च्या सरकल्या. तेव्हा कुठे ती मंडळी हलली.

सर नाक धरून भिंतीला टेकले होते. बोटांमधून रक्त गळत होतं. मी दारापर्यंत गेले, परत आले आणि त्यांच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. आधीचं सगळं फ्लास्कसाठी होतं. ही माझी होती.

सुरक्षा विभागाची माणसं आली. जाड ढाली, लांब चिमटे. त्यांनी तो फ्लास्क इमारतीमागच्या वाळूच्या खड्ड्यात ठेवला, पोत्यांची भिंत रचली, आम्हाला मैदानाच्या पार टोकाला उभं केलं आणि लांबून दोरी ओढून वरचं वजन त्यावर पाडलं. मी स्फोट ऐकलेले आहेत. हा छातीत ऐकू आला. पोती फाटून वाळू तिसऱ्या मजल्यापर्यंत उडाली, तळमजल्याच्या खिडक्या गळून पडल्या. खड्ड्यात फ्लास्कची एवढीशी काच सापडली नाही. चिमणी वाकून ओकत राहिली. तिची पाठ चोळता चोळता मी मोजत होते, त्या भिंतीपासून पहिली खुर्ची किती लांब आहे. हात लांब केला तर लागेल एवढी.

मला वाटलं, आता तरी कोणीतरी म्हणेल, पोरी, वाचवलंस. कसलं काय! दोन दिवसांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नाकावर पांढरी पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं. मागे मोठे सर फोटोत हसत होते. सरांचा आवाज मऊ होता.

“समिती नेमलीय,” ते म्हणाले. “मी फ्लास्क उजेडाला धरून बघत होतो. तुला गैरसमज झाला. तू घाबरलीस, झटापट झाली. मी तुला माफ केलंय, असं मी त्यांना सांगणार आहे.”

“उजेडाला?”

“उजेडाला.”

“आणि चिमणी?”

“ती धोकादायक आहे. समिती तिला काढेल. चूक कोणाची? डीसीएम मी घातलं का?”

चूक तिचीच होती. सरांनी माझा थिसिस पुढे ओढला, पहिलं पान उघडलं, पेन काढलं आणि सही केली. माझ्या डोळ्यांसमोर. एवढीशी रेघ, शेवटी एक गाठ. सहा वर्षं मी त्या रेघेसाठी मेले होते. मग त्यांनी थिसिस ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

“समितीनंतर घेऊन जा, डॉक्टर,” ते म्हणाले.

मला ती सही हवी होती हो. मी नुसती मान हलवून बाहेर आले.

बाहेर रंगाचा वास येत होता. मीटिंगच्या खोलीत दोन रंगारी शिडी लावून उभे होते. समोरची भिंत पांढरीशुभ्र. माझा गुलाबी डाग कुठे होता ते शोधायला मला भिंतीजवळ जावं लागलं, आणि तरी सापडला नाही.

कासव बेसिनपाशी भांडी घासत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “सगळ्यांचं ठरलंय. सर कधी काही फेकत नाहीत.”

मी त्याची कॉलर धरली आणि त्याला फ्युम हूडवर आपटला. आतल्या बाटल्या खणखणल्या. “पुन्हा म्हण.”

“आठवं वर्ष आहे माझं,” तो म्हणाला. “बायको विचारते. सासरे तर विचारायचेही थांबलेत.”

“तुझ्या तळहातात अजून काच आहे ना रे?”

“आहे. थंडीत टोचते.”

“आणि तरी?”

“तरी.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मारायचं तरी कोणाला? मी कॉलर सोडली. त्यानं शर्ट नीट केला आणि उरलेली भांडी घासायला घेतली.

चिमणी आपलं टेबल आवरत होती. “ताई, तुमची सही होऊ दे,” म्हणाली. “माझं काय, दुसरंच वर्ष आहे. कुठंतरी शिकवीन.”

“जास्त शहाणपणा केलास तर एक ठेवून देईन,” मी म्हणाले आणि तिथून निघाले, कारण आणखी थांबले असते तर रडले असते.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“सही झाली का गं?”

“झाली, आई.”

शिलाई मशीनचा आवाज थांबला. तोंडातल्या टाचण्या टेबलावर पडल्याचं मला ऐकू आलं. मग ती माझी आई, जिनं माझ्या बापाच्या पाठीत पट्ट्या मोडल्या, हुंदके देऊन रडायला लागली. “अहो! ऐकलंत का? झाली! पोरीची सही झाली!” मी फोन कानाला लावून बसून राहिले. खोटं तर बोलले नव्हते. सही झाली होती, ड्रॉवरमध्ये होती.

समिती त्याच खोलीत बसली. मध्ये अध्यक्षबाई, दुसऱ्या विभागाच्या, पिकलेले केस, फार न बोलणाऱ्या. शेजारी दोन प्राध्यापक आणि सुरक्षा अधिकारी. अधिकाऱ्यांनी आकार कळावा म्हणून तसलाच एक रिकामा फ्लास्क आणून टेबलावर ठेवला होता. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे. समोर पांढरी भिंत.

बाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. “तुमच्या सरांनी या खोलीत कधी काही फेकलंय का?”

“नाही.”

“नाही, मॅडम.”

“कधीच नाही,” कासव म्हणाला, उजव्या तळहातावर डावा अंगठा दाबत.

चिमणीची पाळी आली. मला वाटलं, ही तरी बोलेल, हिचं काय जायचं राहिलंय? तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “सर फ्लास्क उजेडाला धरून बघत होते. चूक माझीच आहे.”

“पूर्णपणे तुमची?”

“हो. ताईंचा काही दोष नाही. त्यांची डिग्री अडवू नका.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ही कालची पोर, जिला शंभराच्या वरचं यील्ड कळत नाही, ती माझ्यासाठी खोटं बोलते! आणि मी काय, ड्रॉवरच्या किल्लीकडे बघत बसणार?

“तुम्ही,” बाई मला म्हणाल्या. “तुमचे सर फ्लास्क उजेडाला धरून बघत होते?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात खिशावर होता, किल्ली होती त्या खिशावर. आईचा आवाज माझ्या कानात होता. अहो, झाली, पोरीची सही झाली.

“मॅडम,” मी म्हणाले, “मी सांगून उपयोग नाही. या सगळ्यांनी नाही म्हटलंय. तुम्ही फक्त यांच्याकडे बघा. भिंतीकडे नाही, यांच्याकडे.”

आणि मी टेबलावरचा तो रिकामा फ्लास्क उचलला.

मी फेकला तो नंतर. त्याआधीच, हात नुसता खांद्यामागे गेला तेव्हाच, खोलीतले सगळे डावे कोपर वर गेले. सगळ्यांचे, एकदम. माना खाली, उजवे हात टेबलाखाली. कधीच नाही म्हणणारा कासव, नाही मॅडम म्हणणारे सगळे, चिमणी. मग फ्लास्क पांढऱ्या भिंतीवर फुटला आणि काचा फरशीवर सांडल्या. समितीची चौघं मात्र डोळे उघडे टाकून जशीच्या तशी बसली होती. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

बाई आमच्या रांगेकडे बघत होत्या. कोणाचाच हात खाली येत नव्हता. कासवाचे खांदे हलत होते, रडत होता तो. मग बाईंची नजर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथंच थांबली. मीही वळून पाहिलं.

सरांचा डावा कोपर डोळ्यांवर होता. मान खाली. उजवा हात टेबलाखाली, सही करायचा हात, वाचवलेला. मान वाकल्यामुळे डोक्यावरचे केस बाजूला झाले होते आणि मधोमध जुना, लांब व्रण दिसत होता. कासवाला हे ज्यानं शिकवलं, त्याला ज्यानं शिकवलं, त्याच्याही आधी कोण, ते मला तेव्हा कळलं. सहा वर्षं मी या माणसाचा द्वेष केला. तो संपला नाही, खरं सांगते, आजही आहे. पण त्या क्षणी मला त्याच्याकडे बघवेना.

“सर,” अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, “हात खाली घ्या. झालं. आता कोणी काही फेकत नाहीये.”

सरांनी हात खाली घेतला नाही. बाईंनी समोरचा कागद उलटा केला, चष्मा पुसला आणि कासवाला म्हणाल्या, “तुमच्यापासून पुन्हा सुरू करू या.”

मी खाली बसले. चिमणीनं टेबलाखालून माझा हात धरला, एवढा घट्ट की बोटं दुखायला लागली. मी सोडवून घेतला नाही. आज संध्याकाळी आईला काय सांगायचं, याचा मी विचार करत होते, आणि कासव बोलायला लागला होता.